पाण्याच्या आणि हरित विजेच्या शेअरमध्ये पैसे घालण्याआधी येणी कशी वाचायची

पाटबंधारे खात्याच्या एका विभागीय कार्यालयात, लेखा शाखेत, माझी एकतीस वर्षं गेली. टेबलावर एका बाजूला ठेकेदाराचं बिल आणि दुसऱ्या बाजूला एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. शाखा अभियंत्याने पाइपलाइनची लांबी, कालव्याचं खोदकाम मोजून एमबीत लिहायचं, उपअभियंत्याने तपासून सही करायची, मग ते माझ्याकडे यायचं. मी बेरजा पडताळायच्या, सुरक्षा अनामत, आयकर, रॉयल्टी कापायची आणि बिल पास करून ठेवायचं. ठेवायचंच, कारण निधी आल्याशिवाय चेक निघत नसे. कधी दोन महिने लागायचे, कधी मार्च एंड उजाडायचा. काही बिलांनी माझ्यासमोर तीन-तीन मार्च पाहिले.

एक ठेकेदार दर मंगळवारी यायचे. बाकावर बसायचे, डबा तिथेच खायचे. त्यांच्या कामात खोट नव्हती, एमबी स्वच्छ होती, त्यांच्या सीएने काढलेल्या ताळेबंदात त्या वर्षी चांगला नफा दिसत होता आणि त्यावर त्यांनी आयकरही भरला होता. त्याच महिन्यात त्यांनी पोकलेन विकला, कारण डिझेलचे आणि मजुरांचे पैसे द्यायला बँकेच्या खात्यात काही उरलं नव्हतं. नफा आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी त्या बाकाकडे बघत शिकले.

आणि तरीही २०१७ मध्ये मी स्वतःच फसले. पाणीपुरवठ्याची सरकारी कामं घेणाऱ्या एका कंपनीचे शेअर मी एक लाख चाळीस हजारांना घेतले. पेपरात तिच्या हातातल्या ऑर्डरींचा आकडा आला होता, हजारो कोटींचा. पाणी तर सगळ्यांनाच लागणार, असं मनाशी म्हणत घेतले. तीन वर्षांनी विकले तेव्हा तेवीस हजार हातात आले. विकून झाल्यावर तिचा वार्षिक अहवाल उघडला. चौदा महिन्यांच्या विक्रीइतकी येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, थकलेली होती. तो आकडा मी घेतला त्या वर्षीच्या अहवालातही होता. ज्या बाईने आयुष्यभर थकलेली बिलं पाहिली, तिने तोच रकाना पाहिला नव्हता. ते पैसे माझ्या पीएफमधून काढलेले होते, म्हणून अजून लागतं.

तेव्हापासून पद्धत बदलली. भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, पुण्यातला भाचा ‘मावशी, ग्रीन एनर्जीत काय घेऊ?’ म्हणून फोन करतो, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, नोंदणीकृत सल्लागार नाही. पुढे ज्या कंपन्यांची नावं येतील ती समजावण्यासाठी आहेत. घ्या किंवा विका असं मी कोणालाच सांगत नाही.

आपण नेमकं काय विकत घेतो

पाणी विकत घेऊन ठेवता येतं का, हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पाण्याच्या भावावर डिसेंबर २०२० पासून वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवण्याचा करार, सुरू आहे. शिकागोच्या सीएमई बाजारात एका करारात दहा एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं पाणी) पाण्याचा हिशेब असतो आणि व्यवहार रोखीत मिटतो, पाणी कोणी उचलत नाही. आपल्याकडे असा वायदा नाही. पाणी हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, पाणी वापराच्या हक्काची भाषा कायद्यात आली, पण तुम्ही-मी डीमॅट खात्यात ठेवू शकू असं त्यात काही नाही.

म्हणजे आपण घेतो ती कंपनी: पाइप करणारी, पंप करणारी, ठिबक करणारी, सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प उभारणारी. विजेतही तेच आहे. सूर्य आणि वारा फुकट आहेत. आपण घेतो ती पॅनेल बनवणारी, पवनचक्की उभारणारी, वीज विकणारी, तारा टाकणारी किंवा या सगळ्यांना कर्ज देणारी कंपनी.

आमच्या सांगली भागात पाणी आणि वीज वेगळी काढताच येत नाहीत. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पंपाने वर चढतं. पंप चालायला वीज लागते आणि विजेचं बिल कोणी भरायचं यावर आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, अवलंबून असतं. त्या बिलाचे १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांनी आणि ८१ टक्के सरकारने, असा हिशेब ठरलेला आहे. शेवटच्या गावातल्या द्राक्षबागेला पाणी पोचतं की नाही, हे धरणातल्या पातळीइतकंच त्या बिलावर ठरतं.

म्हणून कंपनी कोणतीही असो, वहीच्या पहिल्या ओळीवर मी एकच प्रश्न लिहिते: हिचं बिल कोण भरतं?

घर बांधणारा माणूस दुकानातून पाइप घेतो, दुकानदार कंपनीला पैसे देतो. फिनोलेक्स इंडस्ट्रीजसारखी कंपनी तर डीलरला आधी पैसे, मग माल या रीतीसाठी ओळखली जाते. तिच्या पुस्तकात येणी नावापुरती असतात. तिचा धोका वेगळा आहे, पीव्हीसी रेझिनचे (पाइपच्या कच्च्या प्लास्टिकचे) भाव पडले की नफा पडतो. पण तोच पाइप ग्रामपंचायतीच्या नळयोजनेत ठेकेदारामार्फत गेला, की पैशाचा रस्ता झेडपी, राज्य, केंद्र असा लांबतो. माल तोच, पैसे यायला मात्र कितीतरी जास्त वेळ.

येणी वाचायची रीत

एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. पुढची सत्तर-ऐंशी पानं सोडून द्या. हसऱ्या मुलांचे नळाखालचे फोटो आणि अध्यक्षांचं पत्र तिथे असतं. सरळ ‘कन्सॉलिडेटेड बॅलन्स शीट’, म्हणजे उपकंपन्या धरून केलेला एकत्र ताळेबंद, शोधा. एक दोनशे पानी वही घ्या आणि पाच आकडे उतरवा.

पहिला आकडा ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’, म्हणजे येणी. दुसरा वर्षाची विक्री, ‘रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स’. येण्यांना विक्रीने भागा आणि ३६५ ने गुणा. समजा विक्री ८०० कोटी आणि येणी ५२० कोटी. उत्तर २३७ दिवस. याचा अर्थ, आज काम केलं तर पैसे हातात यायला सरासरी आठ महिने.

इथे थांबू नका. तिसरा आकडा लपून बसलेला असतो. ‘कॉन्ट्रॅक्ट ॲसेट्स’ किंवा ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ या नावाने तो ‘इतर चालू मालमत्ता’ किंवा ‘इतर वित्तीय मालमत्ता’ या रकान्यात सापडतो. माझ्या भाषेत सांगायचं तर काम झालं, पण एमबी लिहिली गेली नाही. किंवा लिहिली गेली, पण बिल सादर झालं नाही. कंपनीने मात्र ते विक्रीत धरलेलं आहे. कापून ठेवलेली सुरक्षा अनामतही अशाच ठिकाणी असते, ‘रिटेन्शन मनी’ म्हणून. ती काम संपून दोष-दायित्व कालावधी (कामात दोष निघाला तर दुरुस्त करून द्यायची मुदत) सरेपर्यंत परत मिळत नाही. वरच्या उदाहरणात हे १८० कोटी निघाले, तर एकूण ७०० कोटी अडकले, आणि दिवस होतात ३१९. आठ महिन्यांचे साडेदहा महिने झाले.

चौथा आकडा ‘कॅश फ्लो’ पत्रकातला, कामकाजातून आलेली निव्वळ रोकड. तीन वर्षांची बेरीज करा आणि तिच्याशेजारी तीन वर्षांच्या नफ्याची बेरीज लिहा. नफा १८० कोटी आणि रोकड उणे ४०, असं दिसलं तर तो बाकावरचा माणूस आठवा. पाचवा आकडा अल्पमुदतीचं कर्ज. येणी वाढली की हे कर्ज वाढतंच, कारण मजूर आणि सिमेंटवाला थांबत नाही. नफ्यातलं किती व्याजात जातं ते इथून कळतं.

आता सगळ्यात मोलाचा तक्ता. २०२१-२२ या वर्षापासून कंपन्यांना येण्यांचं वय सांगावं लागतं. बॅलन्स शीटमध्ये येण्यांच्या ओळीपुढे टीप क्रमांक असतो. त्या टीपेवर जा, तिथे रकाने असतात: सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी. शिवाय ‘डिस्प्युटेड’, म्हणजे वादातली येणी वेगळी दाखवतात. मी आधी शेवटचा रकाना बघते. तीन वर्षांवरची रक्कम दरवर्षी वाढत असेल, आणि तिच्यासमोर बुडीत येण्यांची तरतूद तेवढी वाढत नसेल, तर कंपनी ते पैसे येणार असं गृहीत धरून नफा दाखवते आहे. माझ्या अनुभवात तीन मार्च ओलांडलेल्या बिलाची फाइल कोणाच्याही टेबलावर वरती नसते. मोजमाप लिहिणारा अभियंता बदलून गेलेला असतो, ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप, लागलेला असतो, नवा साहेब सही करायला घाबरतो. पैसे मिळतात कधीकधी, पण लवादातून किंवा कोर्टातून, आणि तोवर व्याजाने ते खाल्लेले असतात.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूनेही सांगते. सरकारी काम करणाऱ्यांची जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत बिलं धो-धो निघतात, त्यामुळे ३१ मार्चची येणी फुगलेली दिसतात. तेवढ्यावर फाशी देऊ नये. कंपन्या वर्षातून दोनदा ताळेबंद दाखवतात, मार्चचा मे महिन्यात आणि सप्टेंबरचा नोव्हेंबरपर्यंत. सप्टेंबरची तुलना मागच्या सप्टेंबरशी करा. मार्चला फुगलेलं सप्टेंबरपर्यंत उतरलं असेल तर कंपनी वसुली करते आहे. सप्टेंबरलाही तेवढंच असेल तर नाही.

माझ्या स्वतःच्या मर्यादा अशा आहेत: दुकानातून खपणारा माल असेल तर पंचेचाळीस दिवसांच्या वर नको. नगरपालिका-महापालिकांची शुद्धीकरणाची कामं करणारी असेल तर १२० पर्यंत चालवून घेते. अनबिल्ड धरून दोनशेच्या वर गेलं की वही मिटते, मग ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या कामांची यादी, कितीही मोठं असो. उलट मोठ्या ऑर्डर बुकाची मला अशा कंपनीत जास्त धास्ती वाटते, कारण प्रत्येक नव्या कामाला भांडवल लागणार आणि ते कर्जानेच येणार.

जळगावच्या जैन इरिगेशनचं नाव घेताना मला आजही वाईट वाटतं. ठिबकने खानदेशातली केळी बदलली, आमच्याकडे द्राक्ष आणि डाळिंब बदललं. माल अस्सल, गरज खरी. पण ठिबकच्या धंद्यात अनुदानाचा पैसा सरकारातून फिरतो, मोठे प्रकल्पही सरकारी असतात. येणी अडकली, कर्ज वाढलेलं होतं, २०१९ मध्ये कंपनी देणी चुकवू शकली नाही आणि कर्जाची पुनर्रचना व्हायला २०२२ उजाडलं. पुढे परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून त्यांनी कर्ज कमी केलं. चांगल्या मालाची कंपनीही येण्यांपायी किती खाली जाऊ शकते, ते शेतकऱ्याच्या बांधावर बसून दिसलं नसतं, ताळेबंदात दिसत होतं.

पाण्याच्या कामात अजून एक बघायचं: पैसा कोणाच्या खिशातला. जागतिक बँक, एडीबी (आशियाई विकास बँक), जायका (जपान सरकारची मदतसंस्था) यांच्या कर्जातून चाललेल्या कामांना निधी बांधलेला असतो, बिलं तुलनेने सरळ निघतात. नमामि गंगे या गंगा स्वच्छतेच्या योजनेतले बरेचसे शुद्धीकरण प्रकल्प हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीचे आहेत. बांधकामाच्या काळात ४० टक्के मिळतात आणि उरलेले ६० टक्के पंधरा वर्षांत, प्रकल्प चालवण्याच्या खर्चासह. निव्वळ राज्याच्या किंवा पालिकेच्या निधीवरचं काम असेल तर त्या पालिकेची अवस्था काय, हे पेपर वाचणाऱ्यालाही कळतं. कंपनीच्या तिमाही सादरीकरणात ऑर्डरींची अशी फोड बऱ्याचदा दिलेली असते.

बजेटमधला कुठला रकाना बघायचा

१ फेब्रुवारीला टीव्हीवर ‘जलजीवनला इतके हजार कोटी’ अशी पट्टी फिरते आणि पाइप-पंपांचे शेअर उसळतात. त्या दिवशी काहीही घेऊ नका. बजेटच्या कागदात प्रत्येक योजनेसमोर येत्या वर्षाचा अंदाज असतो, तसा चालू वर्षाचा ‘सुधारित अंदाज’ही असतो. आम्ही खात्यात पहिला आकडा ऐकून घ्यायचो आणि दुसऱ्यावर काम चालवायचो.

जलजीवन मिशनचंच घ्या. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी योजना जाहीर झाली, २०२४ पर्यंत घरोघरी नळ द्यायचा होता. २०२४-२५ साठी सुमारे ७० हजार कोटींची तरतूद होती. त्या वर्षाचा सुधारित अंदाज आला २२,६९४ कोटी. त्याच दिवशी योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढली आणि पुढच्या वर्षासाठी ६७ हजार कोटी जाहीर झाले. टीव्हीवर ६७ हजार दिसले. ज्याने शेजारचा रकाना वाचला, त्याला कळलं की काम करून बसलेल्यांचे पैसे त्या वर्षी आलेले नाहीत. पुढच्या तिमाह्यांत ज्यांची विक्री या योजनेवर उभी होती, त्यांच्या येण्यांवर नजर ठेवायची, एवढं त्यातून घ्यायचं.

विजेचं बिल कोण भरतं

वीज विकणाऱ्या कंपनीचा बहुधा २५ वर्षांचा वीजखरेदी करार असतो आणि दर ठरलेला असतो. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर १ रुपया ९९ पैशांवर आला होता. असा दर पंचवीस वर्षं तोच राहतो. म्हणजे एकदा प्रकल्प उभा राहिला की उत्पन्न बँकेच्या ठेवीसारखं ठरलेलं, आणि वाढ हवी असेल तर नवं कर्ज काढून नवा प्रकल्प. अशा कंपनीच्या शेअरला लोक नफ्याच्या शंभर-दीडशे पट भाव देतात तेव्हा ते अजून न उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचे पैसे आज देत असतात. हे समजून द्यायचे तर द्या.

येण्यांच्या बाबतीत मात्र विजेची बाजू पाण्यापेक्षा सुधारली आहे, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. वितरण कंपन्या वर्षानुवर्षं वीज उत्पादकांचे पैसे थकवायच्या. जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे, म्हणजे उशिरा पैसे भरल्याच्या दंडाचे, नवे नियम आणले. तेव्हा जुनी थकबाकी १ लाख ३८ हजार कोटींच्या घरात होती. ती जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडायची सोय दिली आणि चालू बिल थकवणाऱ्याची बाजारातून वीज घेण्याची वाट अडवायची तरतूद केली. थकबाकी झपाट्याने उतरली. ‘प्राप्ती’ नावाच्या सरकारी पोर्टलवर कोणत्या वितरण कंपनीचं किती देणं बाकी आहे ते कोणालाही पाहता येतं. नळयोजनेच्या ठेकेदारासाठी असं पोर्टलही नाही आणि असा नियमही नाही. असता तर तो माणूस पोकलेन विकायला गेला नसता.

कंपनीची वीज कोण घेतं ते अहवालात शोधा. सेकी, म्हणजे केंद्राचं सौर ऊर्जा महामंडळ मध्ये असेल तर पैशाची हमी बरी. थेट राज्याच्या वितरण कंपनीशी करार असेल तर त्या राज्याचं धोरण बदलण्याची जोखीम आहे. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात नवं सरकार आलं आणि त्याने जुन्या सौर-पवन करारांचे दर कमी करायला काढले; प्रकरण कोर्टात गेलं, उत्पादकांची येणी तुंबली. आणखी एक तपासा: ‘मिळालेले’ प्रकल्प आणि ‘करार झालेले’ प्रकल्प यांत अंतर किती. २०२५ मध्ये देशात ४० गिगावॅटहून जास्त क्षमता लिलावात वाटली गेली होती, पण वीज घ्यायला वितरण कंपन्याच पुढे येत नसल्याने करार झाले नव्हते.

पवन विजेच्या कंपनीचा तिमाही निकाल मागच्या तिमाहीशी ताडू नका. आमच्या ढालगावच्या माळावर किंवा पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर आषाढात उभं राहा, पाती कशी घुमतात बघा, आणि मग कार्तिकात परत जा. वर्षाची मोठी कमाई पावसाळ्यात होते. ऑक्टोबर-डिसेंबरचा पडलेला नफा बघून घाबरून विकणारे आणि जुलै-सप्टेंबरचा बघून हुरळून घेणारे, दोघेही मोसमाकडे बघत नाहीत.

पुण्याच्या सुझलॉनची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. २००५ मध्ये ५१० रुपयांना शेअर विकला, २००७ मध्ये जर्मनीची आरईपॉवर घेतली, त्यासाठी कर्ज उचललं, जग मंदीत गेलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय रोख्यांचे सुमारे २१ कोटी डॉलर फेडता आले नाहीत. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या खाली होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८६ पर्यंत गेला. ८६ बघून लोक म्हणतात, थांबलेल्यांचं भलं झालं. मधल्या काळात कर्ज मिटवायला किती नवे शेअर काढले गेले, तेही बघा; आज शेअरांची संख्या तेराशे कोटींच्या पुढे आहे. मधे शेअरचे पाच तुकडे झाले होते, तो हिशेब धरला तर २००५ चा ५१० म्हणजे आजचे १०२. म्हणून भावाच्या जोडीला शेअरांची संख्याही वहीत लिहीत चला.

भावाचा धोका वेगळा आणि तोही खरा. इरेडा ही हरित प्रकल्पांना कर्ज देणारी सरकारी कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना आली आणि जुलै २०२४ मध्ये ३१० ला पोचली. आठ महिन्यांत कर्जवाटप दहापट झालं नव्हतं. ३१० ला घेणारे पुढच्या वर्षी जवळपास निम्म्यावर बसले होते. आमच्या भिशीतल्या दोघी त्यांत होत्या.

विजेचा वायदा आणि वीज बाजार

वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून भाव ठरतो. दुपारी सौर वीज ओसंडते तेव्हा भाव पडतो, संध्याकाळी दिवे लागले की कमाल मर्यादेकडे धावतो. ती मर्यादा युनिटला १० रुपये आहे. जुलै २०२५ पासून एमसीएक्स (जिनसांच्या वायद्यांचा बाजार) आणि एनएसईवर विजेचा वायदाही सुरू झाला. एका करारात ५० मेगावॅट-तास, म्हणजे ५० हजार युनिट. चार रुपये भाव धरला तर करार दोन लाखांचा. युनिटमागे पन्नास पैसे भाव उलटा गेला की २५ हजार गेले, आणि एखादा अवकाळी पाऊस पन्नास पैसे सहज हलवतो. हा वायदा कारखान्यांना, वितरण कंपन्यांना आपला दर बांधून घ्यायला आहे. पगारदाराने, पेन्शनराने त्यात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

असा वीज बाजार चालवणाऱ्या आयईएक्स या कंपनीचा शेअर, हाही निर्धोक समजू नका. नियामकाच्या एका आदेशावर धंद्याचा पाया हलतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जुलै २०२५ मध्ये सगळ्या वीज बाजारांचा भाव एकत्र काढायचा निर्णय दिला, दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ३० टक्के कोसळला. त्या कंपनीवर कर्ज नव्हतं, येणीही नव्हती. माझी वहीसुद्धा तिथे उपयोगी पडली नसती.

नियमित पैसे हवे असतील तर

पेन्शनर मैत्रिणींना मी इनविट समजावून सांगते. वीजवाहिन्या, सौर प्रकल्प एका ट्रस्टमध्ये असतात, त्यांचं भाडं येतं आणि वाटायला मोकळ्या असलेल्या रोकडीतले किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटावे लागतात. इंडिग्रिड २०१७ मध्ये आलं, पॉवरग्रिड इनविट २०२१ मध्ये १०० रुपयांना. वाटप दर तिमाहीला खात्यात येतं. पण बारा रुपये आले म्हणजे १२ टक्के व्याज मिळालं, असं समजू नका. सोबत येणाऱ्या पत्रकात फोड असते: इतकं व्याज, इतका लाभांश, इतकी भांडवलाची परतफेड. परतफेड म्हणजे तुमचेच पैसे परत. वाहिनीच्या कराराची वर्षं सरत जातात, नवी मालमत्ता आली नाही तर युनिटचा भाव खाली सरकतो. पॉवरग्रिडच्या इनविटचा भाव पुढे शंभराच्या खाली गेला. व्याजाचा भाग तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे, हेही सीएला सांगा.

शेअरवरच्या कराचं थोडक्यात: वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि वरच्यावर साडेबारा टक्के.

आणि शेअर घेण्याआधी स्वतःच्या गच्चीकडे बघा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. तेवढं संयंत्र आपल्याकडे दिवसाला सरासरी बारा युनिट देतं. वाचलेल्या बिलावर कर नाही, ब्रोकर नाही, आणि या वीज कंपनीचं बिल तुम्हीच भरता, त्यामुळे येणी शून्य. उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याने ती देता येते, भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. माझ्या धाकट्या दिराने माळाचे दोन एकर देऊ केले आहेत.

मी स्वतः किती घालते तेही सांगते. माझ्या एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर या क्षेत्रात जात नाही आणि एका कंपनीत दोन टक्क्यांवर नाही. एकदम घेत नाही. मे आणि नोव्हेंबरचे ताळेबंद पाहून दोन हप्त्यांत घेते. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं नाव वहीत लिहायचंच नाही, हा नियम भाच्यालाही घातला आहे.

गेल्या श्रावणात शुद्धीकरण प्रकल्प करणाऱ्या एका कंपनीचा अहवाल घेऊन बसले होते. तीन वर्षांपासून माझ्याकडे तिचे साठ शेअर होते, भाव दुप्पट झालेला, नफा वाढलेला. तीन वर्षांवरच्या येण्यांचा रकाना मात्र ११ कोटींवरून ३८ वर गेला होता आणि तरतूद होती तिथेच. टीप दोनदा वाचली. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर साठच्या साठ विकले.